सैनिकाच्या आधी त्याची फाइल तालुक्यात पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात माजी सैनिक मेळाव्यांच्या बातम्या वरचेवर येतात. अशा मेळाव्यांना मी आवर्जून जातो. जुने सोबती भेटतात, ख्यालीखुशाली कळते, एखाद्याचे अडलेले काम तिथल्या तिथे मार्गी लागते. पण मांडवात नजर फिरवली की पांढऱ्या केसांचीच गर्दी दिसते. सहा-आठ महिन्यांपूर्वी पेन्शनवर आलेला, अजून चाळिशीही न गाठलेला जवान तिथे अभावानेच असतो. मदतीची सर्वांत जास्त गरज त्याला असते. पण त्याचे नाव अजून कुठल्याच नोंदवहीत चढलेले नसते, मग निमंत्रण तरी कोणाला धाडणार?

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. पलटणीत क्लार्कला सगळे ‘बाबू’ म्हणतात. नोकरीभर मी जवानांचे कागद केले. लग्नाची नोंद, मुलांच्या जन्माची नोंद, रजेचे हिशेब, आणि शेवटी पेन्शनचे कागद. गावी आल्यावरही तेच करतो आहे. संध्याकाळी ओट्यावर कोणी ना कोणी प्लास्टिकची पिशवी घेऊन बसलेला असतो. पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आधार कार्ड आणि घडी पडून फाटायला आलेली चार पत्रे. ‘मेजर, जरा बघा की हे काय म्हणताहेत.’ मी बघतो. म्हणून खाली जे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की योजना पुष्कळ आहेत, पण त्या माणसाची वाट बघत जिल्ह्याच्या ठिकाणी बसून राहतात. फौजेत जवान कधी घरी जाणार हे काही गुपित नसते. शिपाई, नाईक, हवालदार, प्रत्येक हुद्द्याची सेवामर्यादा ठरलेली. कोणत्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला कोण सुटणार, हे रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला फार आधीपासून माहीत असते. पेन्शनचे कागद महिनोन्‌महिने आधी सुरू होतात. शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेची आणि कुटुंबाची नोंद असलेला कागद, तपासला जातो, रिलीज मेडिकल होते, मग माणूस डिस्चार्ज ड्रिलसाठी, म्हणजे सुटण्याआधीच्या शेवटच्या सोपस्कारांसाठी, सेंटरला जातो. आमचे सेंटर बेळगावला. तिथून तो ट्रंक उचलून गाडीत बसतो, आणि त्याच्याबद्दलची सगळी माहिती बेळगावातच राहते. नियमात काय लिहिले असेल ते असो. माझ्या पाहण्यात तरी असेच आहे की तो स्वतः जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन उभा राहीपर्यंत तो परत आला हे नागरी प्रशासनाला कळत नाही. कोणी पहिल्या आठवड्यात जातो. कोणी घराचे बांधकाम, मुलीचे ॲडमिशन, आईचे ऑपरेशन यांत अडकतो आणि वर्षाने जातो. कोणी कॅन्टीन कार्ड करायला जातो तेव्हा त्याला समजते की आपण नोंदणीच केलेली नाही.

देशात दरवर्षी साधारण 60 हजार सैनिक सेवेतून मुक्त होतात, आणि त्यातले बहुतेक 35 ते 50 या वयातले. सरकारी कचेरीतला माणूस 58 किंवा 60 व्या वर्षी निवृत्त होतो तेव्हा त्याची मुले मार्गाला लागलेली असतात. आमच्या जवानाची मुलगी तेव्हा सातवीत असते. पेन्शन मिळते, त्याबद्दल कोणी कुरकुर करणार नाही. पण घर चालवायला आणि पुढची वीस वर्षे ताठ मानेने जगायला त्याला दुसरे काम हवे असते. ते काम मिळेल की नाही हे बहुतेक वेळा शेवटच्या वर्षात पलटणीत आणि पहिल्या वर्षात गावात ठरते. नेमक्या याच दोन वर्षांत त्याच्याजवळ बसून समजावणारे कोणी नसते.

माझ्या शेजारच्या गावचा एक नाईक आहे. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे खडकीच्या सेंटरचा. फौजेत तो खोदाईची यंत्रे चालवायचा. डोझर आणि पोकलेन ही त्याची रोजची हत्यारे. लडाखला बर्फाने आणि दरडींनी बंद पडलेले रस्ते त्याने उघडले. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना मशीन वळवायची म्हणजे काय असते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळेल. हा माणूस पेन्शनवर आला आणि एका कारखान्याच्या गेटवर बारा तासांच्या ड्युटीवर वॉचमन म्हणून लागला. त्याच गेटसमोर रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाले. पोकलेनवरचा ऑपरेटर सणाला गावी गेला म्हणून दोन दिवस मशीन उभी होती. आमचा नाईक खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून तो कंत्राटदाराच्या माणसाकडे गेला. त्याने विचारले, सर्टिफिकेट आहे का? याने डिस्चार्ज बुक पुढे केले. त्यात ट्रेडच्या रकान्यात इंग्रजीतली तीन अक्षरे, ओईएम, म्हणजे खोदाईची यंत्रे चालवणारा. त्या माणसाने ती वाचली, पुस्तक परत दिले आणि म्हणाला, आमच्या साहेबांना हे चालणार नाही. झाले. 

हे सांगताना त्याने कोणालाही दोष दिला नाही. उलट तो म्हणाला, त्याचेही बरोबर आहे, उद्या काही झाले तर इन्शुरन्सवाले कागद मागणारच. माझ्या मात्र पोटात कालवले. सरकारनेच ज्याला लाखो रुपये खर्चून शिकवले, त्याच्याकडून पंधरा-सतरा वर्षे ते काम करून घेतले, त्याच्या हातातली विद्या सिद्ध करणारा साधा कागद सरकारने त्याला निघताना दिला नाही. त्याचा शेवटचा पोस्टिंगचा काळ खडकीत गेला होता. पुण्यात आयटीआय आहे, आरटीओ आहे. सेवेत असतानाच त्याची परीक्षा घेऊन नागरी प्रमाणपत्र आणि अवजड वाहनाचे लायसन त्याच्या हातात ठेवणे किती अवघड होते? एक दिवसाची चाचणी आणि दोन कचेऱ्यांमधला पत्रव्यवहार.

त्याच खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या जवानांसाठी ती 1917 साली सुरू झाली आणि आजही अपंगत्व आलेल्या सैनिकांना तिथे हातचे काम शिकवतात. शंभर वर्षांपूर्वी हात-पाय गमावलेल्या जवानासाठी जो विचार झाला, तो धडधाकट जवानासाठी का होऊ नये, असे मला नेहमी वाटते. 

प्रशिक्षण अजिबात नाही असे मी म्हणत नाही. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या आधीच्या काळात जवानांसाठी मोफत अभ्यासक्रम चालवते, चांगल्या संस्थांत चालवते. पण त्याची निवड कशी होते हे मी क्लार्कच्या टेबलावरून पाहिले आहे. पलटण फील्डमध्ये असते, माणसे कमी असतात, कंपनी कमांडरला एकेक माणूस हवा असतो. जवानाला सोडायला मिळते तेव्हा जो अभ्यासक्रम सुरू असेल त्यात नाव जाते. घराजवळ कुठला आहे, गावाकडे कोणत्या कामाला मागणी आहे, हे त्याला सांगणारे तिथे कोणी नसते. सिक्युरिटी सुपरवायझरचा कोर्स करून आलेले कितीतरी जण आमच्या भागात आहेत. पहारा देणे हे मानाचे काम आहे, मेस्कोसारख्या सरकारी महामंडळाने ते अनेकांना मिळवून दिले आहे आणि त्यावर घरे उभी राहिली आहेत. पण सगळ्या फौजेला एकाच दारावर उभे करायचे का? सिग्नलचा माणूस, ईएमईचा म्हणजे फौजेची वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेचा मेकॅनिक, मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी, स्टोअरकीपर, यांतला प्रत्येक जण काहीतरी नेमके शिकून आलेला असतो.

सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचेही तेच. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतले आरक्षण, आहे. केंद्र सरकारच्या गट क मध्ये 10 टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये 20 टक्के, तर राष्ट्रीयीकृत बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के, ज्यात अपंग माजी सैनिक आणि अवलंबितांचा हिस्सा धरलेला आहे. वयात सवलत आहे. दहावी पास आणि 15 वर्षे सेवा असेल तर पदवीची अट असलेल्या केंद्राच्या गट क मधल्या बिगरतांत्रिक पदांसाठीही त्याला पात्र धरतात. लोकांना वाटते, यांना तर सगळे आयतेच आहे. 

मग जागा का भरत नाहीत? कारण परीक्षा द्यावी लागते, आणि ती द्यायलाच हवी, त्यात सवलत मागणे मला पटत नाही. पण संगणकावरच्या त्या परीक्षेत मराठी व्याकरण, अंकगणित, बुद्धिमापन, राज्याचा भूगोल असतो. समोर बावीस-तेवीस वर्षांची पोरे असतात, पुण्यात खोली घेऊन दोन-तीन वर्षे अभ्यास केलेली. आमच्या माणसाने शेवटचे मराठी व्याकरण दहावीत वाचलेले, आणि नंतरची सगळी वर्षे हिंदीत काढलेली. एमएस-सीआयटी नाही, टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र नाही, कारण ते लागते हे त्याला जाहिरात बघितल्यावर कळते. या सगळ्या गोष्टी शेवटच्या वर्षात करता येण्यासारख्या आहेत. मोबाइलवर तास-दीड तास शिकवणी, सुट्टीत आला की तालुक्याला सराव परीक्षा, एवढ्यानेही फरक पडेल. 

आणि एक गोष्ट, जी सामान्य वाचकाला बहुधा माहीत नसते. समांतर आरक्षणाच्या जागेला त्या भरतीत पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर ती त्याच सामाजिक प्रवर्गातल्या इतर उमेदवाराने भरतात. पुढच्या भरतीसाठी ती राखून ठेवत नाहीत. म्हणजे यंदा गेली ती गेलीच. दुसऱ्याच्या मुलाला नोकरी लागली याचे मला दुःख नाही, तोही आपलाच. पण प्रत्येक विभागाने भरती संपल्यावर जाहीर करावे की माजी सैनिकांसाठी किती जागा होत्या, किती अर्ज आले, किती भरल्या आणि किती इतरांकडे गेल्या. हा आकडा दरवर्षी जिल्ह्याच्या फलकावर लागला तर कुठल्या परीक्षेत आमची माणसे कमी पडतात हे तरी कळेल, आणि तयारी त्या दिशेने करता येईल.

आता कागदांविषयी. हा माझा प्रांत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, राग मानू नये.

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, सासरी आल्यावर मंगल. आधारवर मंगल, पण मधले नाव कधी नवऱ्याचे, कधी वडिलांचे. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे पलटणीच्या दप्तरातली अधिकृत नोंद, निघाली तेव्हा जवान असामला, त्याने जे नाव सांगितले ते बाबूने इंग्रजीत आपल्या कानाला पटेल त्या स्पेलिंगने टाइप केले. वीस वर्षे या फरकाने कोणाचे काही अडत नाही. अडते ते पेन्शनर गेल्यावर, जेव्हा त्याची बायको कुटुंब निवृत्तिवेतनासाठी जाते. तेव्हा तिला विचारतात, सुनीता कोण आणि मंगल कोण? मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, सरपंचाचा दाखला, अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार. माझ्या ओट्यावर एक माउली आली होती, नवऱ्याचे वर्षश्राद्ध होऊन गेले तरी पेन्शन सुरू नव्हती. मुलगा कंपनीत रोजंदारीवर, प्रत्येक चकरेला त्याचा एक दिवसाचा पगार बुडायचा. कागद बघितल्यावर फरक निघाला एका अक्षराचा. जवान सेवेत असताना हेच काम दोन ओळींच्या पार्ट टू ऑर्डरने होते. म्हणून माझा आग्रह आहे की डिस्चार्जच्या एक वर्ष आधी प्रत्येक जवानाचे कुटुंबाचे रेकॉर्ड आधार आणि बँक पासबुकाशी ताडून पाहणे सक्तीचे करावे, आणि त्या वेळी त्याच्या बायकोला फोन लावून तिच्याकडूनच नाव विचारून घ्यावे. तिच्या हक्काची पेन्शन आहे, तिचे नाव तिलाच विचारा.

पूर्वी पेन्शन बँकेकडून यायची. काही अडले की निदान मॅनेजरसमोर जाऊन बसता यायचे. आता ती ‘स्पर्श’ प्रणालीतून प्रयागराजहून थेट खात्यात येते. व्यवस्था चांगली आहे, पारदर्शक आहे, हयातीचा दाखलाही मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. ज्याला जमते त्याला फारच सोयीचे. पण आमच्या गावात असे म्हातारे आहेत की ज्यांच्या मोबाइलला फक्त बोलता येते. ओटीपी कोणाच्या तरी नातवाच्या फोनवर जातो, आणि नातू मुंबईला. सीएससी केंद्रात ही सेवा मिळते, तिथला मुलगा कामसू असेल तर होते, नाही तर ‘साइट बंद आहे, उद्या या.’ 

घरपट्टीचे बघा. माजी सैनिक आणि सैनिक विधवांना मालमत्ता करात माफी देण्याचा निर्णय राज्याने 2020 मध्ये घेतला. योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव आहे. चांगला निर्णय, मनापासून आभार. पण एका ग्रामपंचायतीत मी स्वतः शासन निर्णयाची प्रत घेऊन गेलो तेव्हा तो तिथे कोणी पाहिलेलाच नव्हता. प्रत ठेवून घेतली, माफी झाली. ज्यांच्या गावात प्रत घेऊन जाणारे कोणी नाही ते आजही घरपट्टी भरतात आणि पावती जपून ठेवतात. 

निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या पैशांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, रजेचे पैसे आणि पेन्शन विकून आलेली रक्कम, हे सगळे जवळजवळ एकदम खात्यात पडते. विकलेला पेन्शनचा भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो, तोवर दरमहा हातात कमी येते, हेसुद्धा कित्येकांना पहिली पेन्शन पाहिल्यावर समजते. एवढी रक्कम त्याने आयुष्यात एकत्र पाहिलेली नसते, आणि ती आली आहे हे मात्र गावात सर्वांना माहीत असते. महिन्याला भरघोस टक्के देतो म्हणणारे एजंट दारात येतात. त्यांच्यातला एखादा स्वतः माजी सैनिक असतो, म्हणून विश्वास बसतो. आमच्या भागात अशा स्कीमांत आयुष्याची पुंजी घालवलेली माणसे आहेत. त्यांची नावे मी लिहिणार नाही, घरात अजून ती गोष्ट काढत नाहीत. शत्रूच्या गोळीपुढे न वाकलेला माणूस बायकोसमोर मान खाली घालून बसलेला मी पाहिला आहे. डिस्चार्ज ड्रिलच्या वेळी एक व्याख्यान होते, पण घरी निघालेल्या माणसाचे मन तेव्हा व्याख्यानात नसते. हा सल्ला घरी, नवरा-बायको दोघांना समोर बसवून, पैसे खात्यात पडण्याच्या आधी मिळायला हवा.

आणि मनाचे काय? याबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही. पहाटे पाचला जाग येते आणि करायला काही नसते. घर बायकोने एकटीने चालवलेले असते. शाळेत पालक म्हणून तिचा नंबर, सोसायटीत तिची सही, पाणी कधी येते ते तिला ठाऊक. हा मध्ये पडला की वाद, गप्प बसला तरी वाद. मुले लांबून बोलतात. काही जण शेतात रमतात, काही जण तालमीत पोरांना भरतीची तयारी करून घेतात आणि तिथे त्यांना बरे वाटते. काही जण कॅन्टीनच्या बाटलीत बुडतात. अशा घरी वर्दीतला जुना सोबती किंवा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस पहिल्या तीन महिन्यांत एकदा जाऊन बसला, चहा पिऊन सहज विचारपूस करून आला, तरी पुष्कळ गोष्टी वेळेवर ध्यानात येतील. 

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मोजकी माणसे असतात. कल्याण संघटक नावाचे पद आहे आणि ती माणसे धावपळ करतात हे मी जाणतो. पण सातारा जिल्ह्याचा विचार करा. पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावलेले अपशिंगे मिलिटरी इथलेच. माण-खटावच्या दुष्काळी गावांत घराआड एक फौजी. तिकडे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळची सैनिक टाकळी. अशा तालुक्यांचा भार जिल्ह्याच्या एका कचेरीने पेलायचा म्हणजे कठीणच. सैनिकांची संख्या जिथे जास्त, त्या प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ कल्याण संघटक द्यावा आणि तहसील कार्यालयात महिन्यातून दोन ठरलेले दिवस त्याचे टेबल असावे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, घरपट्टी, शस्त्र परवाना, या सगळ्यांसाठी जवान तहसीलला येतोच. तिथेच त्याचे नाव नोंदले जावे.

आता घाई का, ते सांगतो. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला जी पहिली पोरे सेंटरला दाखल झाली, त्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. त्यांतले 25 टक्क्यांपर्यंत कायम होतील, बाकीचे घरी येतील. योजना बरी की वाईट हा वाद मला इथे घालायचा नाही. घरी येणाऱ्या पोराकडे बघा. वय साधारण बावीस ते सत्तावीस. सेवानिधीचे, म्हणजे सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पुंजीचे, सुमारे 11 लाख 71 हजार रुपये, ज्यातला निम्मा हिस्सा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ईसीएचएस ही माजी सैनिकांची वैद्यकीय योजना नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे आज जी खिडकी जवानासाठी आहे, तीही त्याच्यासाठी असेलच असे नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी 10 टक्के आरक्षण सुरुवातीलाच जाहीर झाले, उत्तर प्रदेशाने 2025 मध्ये पोलीस शिपाई भरतीत 20 टक्के दिले. अशा घोषणांचा उपयोग पोराला आपण कुठे अर्ज करायचा हे कळले तरच. आमच्या गावातून जी मुले गेली त्यांना पहाटे धावायला मीच घेऊन जायचो. एकाची आई परवा देवळाबाहेर भेटली. म्हणाली, मेजर, चार वर्षं झाली की त्यानं काय करायचं हो? मला तिला ठाम असे काही सांगता आले नाही. 

या मुलांची नावे, गावे, ट्रेड, सुटण्याची तारीख, सगळे आजच उपलब्ध आहे. ती यादी संरक्षण मंत्रालयाकडून राज्याच्या पुण्यातल्या सैनिक कल्याण विभागाकडे, तिथून जिल्ह्याला आणि तालुक्याला आली तर अजून तयारीला वेळ आहे. त्यांना माजी सैनिक म्हणा किंवा म्हणू नका, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांची नोंद घेण्याचा आदेश राज्याने काढावा. त्यासाठी विधानसभेत कायदा लागत नाही.

जवानांसाठीही मागणी हीच. डिस्चार्जच्या बारा महिने आधी अभिलेख कार्यालयाने जिल्हावार यादी पाठवावी. यादी मिळताच तालुक्याच्या संघटकाने त्या जवानाला पलटणीत फोन करावा. कुठले काम येते, गावी काय करायचा विचार आहे, मुले कितवीत आहेत, बायकोचे नाव कागदावर कसे आहे, हे विचारावे. त्यावरून त्याचा प्रशिक्षणाचा अर्ज, ट्रेडची चाचणी, परीक्षांची तयारी ठरावी. तो सुटून आला की माजी सैनिकाचे ओळखपत्र आणि घरपट्टी माफीचा दाखला एकाच दिवशी, एकाच टेबलावर मिळावा. राज्याचे ‘महासैनिक’ संकेतस्थळ आहेच, त्यावर ही फाइल उघडता येईल. सगळ्या राज्यात एकदम जमणार नसेल तर दोन-तीन तालुक्यांत वर्षभर करून बघावे. आमचा खटाव तालुका त्यात घेतला तर आनंदच आहे.

यासाठी माणूसबळ नाही असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखे निवृत्त बाबू आहेत. शीट रोल कसा वाचायचा, पार्ट टू ऑर्डरमध्ये चूक कुठे असते, अभिलेख कार्यालयाला कोणत्या मसुद्याचे पत्र लागते, हे आम्हाला पाठ आहे. आमच्या भागातल्या तिघा-चौघांशी मी बोललो आहे. तहसील कार्यालयात एक टेबल, एक संगणक आणि सहीला जबाबदार असा एक सरकारी माणूस मिळाला तर आम्ही आळीपाळीने विनामोबदला बसायला तयार आहोत. मानधन नको, सत्कार नको. पुढच्या वर्षी आमच्या तालुक्यात कोण कोण पेन्शनवर येणार आहे, तेवढी यादी आम्हाला आधी मिळावी.

आपला विश्वासू,
निवृत्त हवालदार (क्लार्क), मराठा लाइट इन्फंट्री
ता. खटाव, जि. सातारा